चारशेची तूट

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात काय काय आहे ते मी लिहून काढलं. बिस्किटांचे चार पुडे, त्यातला एक फोडलेला, आत अकरा बिस्किटं. पाव दीड. अंडी नऊ. बटाटे दोन किलो चारशे ग्रॅम. तांदळाचा डबा वरून चार बोटं रिकामा. तेलाची बाटली अर्धी. साखर सहाशे ऐंशी ग्रॅम. जॅमच्या दोन बाटल्या, एकीत चमचा तसाच ठेवलेला. फ्रिजच्या दारात आईच्या इंजेक्शनच्या सात कुप्या. आणि खाऱ्या शेंगदाण्यांचं शंभर ग्रॅमचं एक पाकीट, ते दादाच्या कोटाच्या खिशात सापडलं.

"आता खिसेपण तपासणार का?" दादा म्हणाला.

"तुझ्या खिशात सहाशे कॅलरी होत्या."

"बघ की. आणि मी समजत होतो माझा खिसा फाटका आहे."

आई दारात उभी राहून हसत होती. तिचा डावा हात नेहमीसारखा छातीशी धरलेला होता, कारण त्या हातात डायलिसिसच्या सुया जातात आणि त्याला धक्का लागलेला चालत नाही. तिच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी बंद पडल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास ती यंत्राला जोडून पडते. हॉस्पिटलच्या किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत तिच्या पुढे इतकी माणसं होती की समन्वयक बाईंनी साधारण वेळ सांगायचंही टाळलं. घरातून कोणी किडनी देऊ शकत असेल तर बघा, एवढंच म्हणाल्या. माझा रक्तगट बाबांवर गेलाय, आणि बाबा आता नाहीत. दादाचा आईवर गेलाय. त्याच्या सगळ्या तपासण्या उत्तम आल्या, एक सोडून. तो एकशे तीन किलो सहाशे ग्रॅम होता.

त्याच्या उंचीला हॉस्पिटलची मर्यादा अठ्ठ्याऐंशी किलो सातशे ग्रॅम. त्यावर एक ग्रॅमही चालणार नाही, असं किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

"दोन महिन्यांत उतरवतो," दादा म्हणाला. "जेवणच बंद करतो."

"तुमच्याआधी एक जण आले होते," त्या म्हणाल्या. "भावाला द्यायची म्हणून दोन महिन्यांत अठरा किलो उतरवून. पित्ताशयात खडे घेऊन आले. शेवटी ऑपरेशन त्यांचंच करावं लागलं. मला घाई नको. दिवसाला चारशे कॅलरी कमी खा, त्याहून जास्त तूट नको. उपास नाही, पावडरी नाहीत."

परतताना मी हिशेब केला. उतरवायचे चौदा किलो नऊशे ग्रॅम. किलोभर चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी. भागिले चारशे. दोनशे सत्याऐंशी दिवस.

"म्हणजे नऊ महिने आणि वर थोडे," आई म्हणाली. "पोटात होता तेव्हाही अस्संच. तारीख उलटून गेल्यावर आला."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मोजणं हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे घरातली व्यवस्था मीच लावली. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू आणला. प्रत्येक भांड्याचं रिकामं वजन त्याच्या बुडाला रंगाने लिहून ठेवलं. जेवण शिजलं की भांडं तराजूवर, मग त्यातून दादाचं ताट, ते तराजूवर, मग सवयीने माझंही. रात्री उरलेलं सकाळी दादाच्या डब्यात जाई, म्हणून तेही तराजूवर. सगळं एका वहीत. आईला मीठ वर्ज्य आणि बटाटे दोनदा उकळून पाणी फेकून द्यावे लागतात, त्यामुळे सगळ्या घराचंच जेवण अळणी होतं, एकाच भांड्यातलं. आईचं ताट तेवढं मी मोजत नव्हते. तिच्यासाठी आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं होतंच: रोज दोन अंडी, मासा किंवा कोंबडी, पोटभर भात. तिने कमी करायचं काहीच नव्हतं.

दादा बस चालवतो. दिवसाचे नऊ तास तो बसलेला असतो, आणि डेपोच्या कँटीनमध्ये मिळणारं सगळं तळलेलं असतं. तिथे त्याला 'टाकी' म्हणतात. पहिल्या आठवड्यात तो एक किलो आठशे ग्रॅमनी उतरला आणि घरी नाचत आला. ते पाणी आहे, चरबी नव्हे, असं मी सांगितल्यावर त्याचं तोंड पडलं.

"तुला कोणाचं बरं बघवत नाही का गं?"

"पुढच्या आठवड्यात तीनशे ग्रॅम उतरेल. कदाचित दोनशे चढेल. सात दिवसांची सरासरी बघायची, रोजचा आकडा बघायचा नाही."

तसंच झालं. तीनशे. पाचशे. मग दोनशे वर. मग चारशे खाली. ज्या दिवशी त्याचा कंडक्टर निवृत्त झाला, त्या दिवशी तो घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"केक होता," तो म्हणाला.

"किती?"

"तीन तुकडे."

"केवढे?"

"मोठे नव्हते." मग बूट काढता काढता, "मोठेच होते गं."

मी वहीत अकराशे लिहिले. आई म्हणाली, "जाऊ दे ना, माणूस आहे तो. त्याला काय जात्यात घालून दळणार आहेस?" पण दादाने दुसऱ्या दिवसापासून दोन थांबे आधी उतरून घरी चालत यायला सुरुवात केली, ती सवय शेवटपर्यंत सोडली नाही.

चौथ्या महिन्यात त्याच्या पँटा कमरेतून घसरायला लागल्या. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे बेतून, उसवून, आत घेऊन घर चालवलं होतं. डायलिसिस नसलेल्या दिवशी ती मशीनवर बसायची आणि त्याच्या पँटा इंचाइंचाने आत घ्यायची. "टाकी गळायला लागली रे," ती दोरा तोडत म्हणायची. डेपोत त्याचा नवा कंडक्टर म्हणे रोज बसच्या स्प्रिंगा वाकून बघायचा आणि मोठ्याने सांगायचा, दोन इंच वर आल्या. दादा हे सगळं घरी येऊन सांगायचा आणि आम्ही हसायचो. ते महिने आमच्या घरातले चांगले महिने होते. काहीतरी दर आठवड्याला कमी होत होतं, आणि ते कमी होणं हवं होतं.

आईचं वजन डायलिसिस केंद्रात होत असे, प्रत्येक वेळी आधी आणि नंतर. तिच्या कार्डावर एक आकडा लिहिलेला होता, त्याला तिथे 'कोरडं वजन' म्हणतात. अंगात जादा पाणी नसताना माणूस जेवढा भरेल तेवढं ते. लघवी होत नसल्यामुळे दोन दिवसांत दोन-अडीच किलो पाणी साचतं आणि यंत्र ते कोरड्या वजनापर्यंत काढून टाकतं. आईचं कोरडं वजन एक्कावन्न किलो पाचशे. मी दर आठवड्याला तिचं कार्ड बघायची. डायलिसिसनंतर एक्कावन्न पाच. पुन्हा एक्कावन्न पाच. ते बघून मला बरं वाटायचं.

प्रयोगशाळेत एखादा आकडा आठ महिने हलला नाही, तर आम्ही आधी यंत्र बिघडलंय का ते बघतो. घरी मी बघितलं नाही.

त्या काळात मी पाहिलेल्या गोष्टी या. आईच्या पलंगावर दोनाच्या तीन उशा झाल्या. वाचायला बरं पडतं, असं तिने सांगितलं. तिच्या चपलेचा पट्टा शेवटच्या भोकावर गेला. रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन झाल्या. यातली एकही गोष्ट मी वहीत लिहिली नाही, कारण वही दादाची होती.

अडतिसाव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी सातला, दादाने मला हाक मारली. शुक्रवार ते सोमवार हा दोन डायलिसिसमधला सगळ्यांत लांब काळ असतो. आई पलंगाच्या कडेला दोन्ही हात गादीवर रोवून बसली होती. ओठ निळसर. तिला एका श्वासात दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "खिडकी उघड."

खिडकी उघडीच होती.

हॉस्पिटलमध्ये तिला थेट यंत्राला जोडलं. तिथला तरुण डॉक्टर तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघत होता, मग मांडी, मग पायावर बोट दाबून पडलेला खड्डा. तो मला बाहेर घेऊन आला.

"यांचं कोरडं वजन शेवटचं कधी बदललं?"

"बदललंच नाही. ती स्थिर आहे."

"स्थिर नाहीयेत त्या. अंगावरचं मांस गेलंय. मांस गेलं तेवढंच पाणी आम्ही आत राहू दिलं, म्हणून आकडा तोच राहिला." त्याने हे ओरडून सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "फुप्फुसात पाणी गेलंय. हृदयही ताणलंय. त्या जेवतात का नीट?"

"जेवते," मी म्हणाले. "रोज आमच्याबरोबर."

पाच दिवस रोज तिचं पाणी काढलं. एकूण साडेसात लिटर. पाचव्या दिवशी ती सपाट पडून श्वास घेऊ शकली, पायावरचे खड्डे गेले, रक्तदाब उतरला आणि कार्डावर नवा आकडा लिहिला गेला: शेहेचाळीस किलो चारशे. पाणी ओसरल्यावर तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. गालाची हाडं वर आली होती. हे बदललेलं तोंड महिनोन्महिने सुजेखाली झाकलेलं होतं.

त्या आठवड्यात मी घरी वही काढून बसले. शिजलेलं वजा दादाचं, वजा माझं, वजा रात्री उरलेलं. राहिलं ते आईचं. सगळे आकडे माझ्याच अक्षरात तिथे होते, फक्त एक वजाबाकी करायची राहिली होती. दोनशे सहासष्ट दिवसांची ती करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या आठवड्यात आई लिहून दिल्याप्रमाणे जेवत होती. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं कमी. मग तिथेच. सरासरी रोज एकशे साठ कॅलरींची तूट: दुसरं अंडं आणि दोन-तीन चमचे भात. दोनशे सहासष्टने गुणलं, सात हजार सातशेने भागलं. साडेपाच किलो. प्रत्यक्षात पाच किलो शंभर ग्रॅम गेले होते. एवढा फरक अशा मापनात चालतो.

मी वॉर्डात गेले तेव्हा ती बसून चहाचा मोजका घोट घेत होती.

"तू जेवत नव्हतीस," मी म्हणाले.

"जेवत होते की."

"रोज एक अंडं कमी. मी हिशेब केलाय."

"तू केलाच असशील बाई." तिने कप ठेवला. "अगं, तो समोर बसून बटाट्याची एक फोड परत भांड्यात टाकायचा. एवढा मोठा गडी. कोणासाठी, तर माझ्यासाठी. आणि मी त्याच्यासमोर पोट भरून खाऊ? घास तोंडातल्या तोंडात फिरायचा."

"तुझे कपडे सैल झाले असतील ना? एकदाही कसं दिसलं नाही?"

"त्याच्या पँटा आत घेताना माझेही घ्यायचे. सैल कपडे बरे दिसत नाहीत."

"मला सांगायचं तरी."

"तू म्हणाली असतीस, खा. आणि तराजू आणला असतास." ती खिडकीकडे बघत होती. "या घरात एक तरी ताट न मोजलेलं असू दे, असं वाटायचं मला."

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आम्हा भावंडांशी बोलल्या. दादा त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी किलो नऊशे भरला होता. दोनशे ग्रॅम राहिले होते. आईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे शरीराला पोषण किती मिळतंय याचं एक माप, दोन पूर्णांक सात होतं.

"अशा अंगावर टाके भरत नाहीत," त्या म्हणाल्या. "साडेतीन हवं. वजन किमान अठ्ठेचाळीस. बारा आठवडे देते. तोपर्यंत तुम्ही मर्यादेच्या आत या आणि आतच राहा. दोघांची तपासणी एकाच दिवशी करू."

"आणि नाही झालं तर पुढे ढकलू ना?" दादाने विचारलं.

"त्यांच्या हृदयाने एक फटका खाल्लाय. त्या अजून एक वर्ष काढतील असं मी धरून चालणार नाही. बारा आठवडे."

आई घरी आली. आता तिचंही ताट तराजूवर येऊ लागलं. पण तराजूवर ठेवलेलं आणि पोटात गेलेलं यात फरक असतो. पहिल्या आठवड्यात ती दर जेवणाला तिसरा भाग टाकत होती. भूक मेली म्हणायची. आम्ही दादाचं ताट तिच्यासमोरून हलवलं, तो आतल्या खोलीत बसून जेवायला लागला. तर ती बाहेरून विचारायची, "अरे, किती घेतलंस?" तो सांगायचा, भरपूर. ती मान हलवायची आणि चमचा खाली ठेवायची. तो कँटीनमध्ये जेवून आलो असं सांगायचा, ते तर तिला दारातच कळायचं. "तुझा बाप याहून बरं खोटं बोलायचा," ती म्हणायची.

एका रविवारी दादा वैतागला. आईसमोर बसला, ताट भरून वाढून घेतलं, वर दोन अंडी घेतली आणि म्हणाला, "हे बघ. हे सगळं मी खातोय. आता तू खा."

ती जेवली. सगळं. वर थोडा भात मागून घेतला.

मी तीन आठवड्यांचे आकडे काढले. दादा त्या रविवारसारखा तिच्यासमोर भरल्या ताटावर बसला त्या दिवसांत आईच्या पोटात सरासरी सतराशे चाळीस. तो मोजून जेवला किंवा समोर नव्हता त्या दिवशी बाराशे साठ. मी ते तक्त्यात मांडून त्याला दाखवलं. त्याने वरून खाली, मग खालून वर बघितलं.

"म्हणजे मी जेवलो तर ती जेवते."

"आकडे तसं म्हणतात."

"मग सोपं आहे की."

"सोपं नाहीये दादा. तू तपासणीपर्यंत रोज असा जेवलास तर नऊ आठवड्यांत चार-पाच किलो चढतील. तुझं शरीर आत्ता परत चढायचीच वाट बघत बसलंय."

"तिच्यासमोर जेवेन, बाहेर काहीच खाणार नाही. सकाळी धावेन."

"नऊ तास गाडी चालवतोस. रिकाम्या पोटी?"

"मग काय करू, तू सांग ना!" त्याने तक्ता टेबलावर आपटला. "ती न जेवता राहिली तर माझं अठ्ठ्याऐंशी काय चाटायचंय? आधी तिला तर उभी करू. माझं उतरवता येतं. एकदा उतरवलंय."

"त्याला नऊ महिने लागले."

त्या संध्याकाळी त्याने मोठं ताट घेतलं.

त्यानंतर आमच्या घरात जेवणं झाली ती तशी दोन वर्षांत झाली नव्हती. आई विळीवर मासा चिरताना गुणगुणायची. "आता कसा माणसासारखा जेवतोयस," म्हणायची आणि स्वतःचं दुसरं अंडं सोलायची. दादा डेपोतल्या नकला करून दाखवायचा. सकाळी तो खरोखरच धावायला जायचा, दुपारचा डबा तसाच परत आणायचा. चौथ्या दिवशी गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने बस कडेला घेतली म्हणून बरं. कंडक्टरने त्याला तिथल्या तिथे दोन पाव खायला घातले आणि असं पुन्हा केलंस तर साहेबांना सांगेन म्हणाला. डबा रिकामा परत यायला लागला.

मी आठवड्याची सरासरी काढत राहिले. आई वर जात होती, आठवड्याला दोनशे ग्रॅम, कधी तीनशे. दादाही.

त्याने डेपोतून एक माप मोठी पँट मागून घेतली, आईकडे उसवायला द्यायची नको म्हणून. ती पँट घालून तो पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा आईने त्याच्या कमरेकडे बघितलं. चाळीस वर्षं तिने लोकांच्या कमरा नजरेने मोजल्या आहेत. तिचा हात भाताच्या डावावर थांबला. मला वाटलं, आता ती ताट दूर सारेल.

तिने दादाच्या ताटात आणखी एक डाव भात घातला, मग स्वतःच्या ताटात एक.

"जेव," ती म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात मी दादाला म्हणाले, निदान आता तरी हात आवर. तो म्हणाला, आता सात दिवसांत काय उतरणार, तूच सांग. मी मनात भागाकार केला आणि सांगितलं नाही.

बाराव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊला, आम्ही तिघं किडनी विभागात गेलो. आईचं रक्त आदल्या दिवशी डायलिसिसच्या आधीच घेतलं होतं. तिथल्या सिस्टरनी दोघांनाही बूट आणि चपला काढायला सांगितलं. एकच वजनकाटा होता. आधी आई चढली, तिला धरायला कोणी लागलं नाही. मग दादा. सिस्टरनी आकडे दोनदा बघितले आणि फॉर्मवर लिहिले.

आई: वजन ४८.६ किलो. अल्ब्युमिन ३.५.

दादा: वजन ९३.९ किलो.